मग धनाजींचं काय?

व्याख्यान संपतं, शाल-श्रीफळ होतं, आणि चहाचा कप हातात येईपर्यंत कुणीतरी गाठतंच. ‘मॅडम, सेनापती संताजी घोरपड्यांवर दीड तास बोललात. मग धनाजी जाधवांचं काय? संताजी त्यांच्यामुळेच मारले गेले ना? त्यांना गद्दार म्हणायला जीभ का अडखळते?’ काही जण त्याआधी माझं माहेरचं आडनाव विचारून घेतात. त्यांना मी उत्तर देत नाही. बाकीच्यांसाठी एकदाच लिहून टाकते.

रायगड पडला, राजाराम महाराज दक्षिणेत तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यात गेले, हे तुम्हाला पाठ आहे. बादशहाच्या तंबूचे सोन्याचे कळस आणि मोगलांच्या घोड्यांना पाण्यात दिसणारे संताजी-धनाजी, हेही तुम्ही मला शंभरदा ऐकवलंय. माझं म्हणणं आहे ते 1695 च्या नोव्हेंबरपासून पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांबद्दल.

नोव्हेंबरात कर्नाटकातली दोड्डेरीची लढाई. मोगल सरदार कासिम खानाने तंबू आणि सामान पुढच्या मुक्कामाला आधीच रवाना केलं होतं. संताजींनी फौजेच्या तीन तुकड्या केल्या. एक त्या सामानावर घातली, एक खानाच्या अंगावर, तिसरी हाताशी राखली. मोगल मधल्यामध्ये सापडले, दोड्डेरीच्या गढीत कोंडले गेले आणि दाणावैरण संपल्यावर खंडणी कबूल करून बाहेर आले. कासिम खान तिथेच मेला. दोन महिन्यांत बसवापट्टणला दुसरा मोगल सरदार हिंमत खानही लढाईत पडला. इतकी आखीव लढाई तेव्हा दुसरं कुणी लढत नव्हतं. धनाजीही नाही. मोगलांचा इतिहासकार खाफी खान काही मराठ्यांचा मित्र नव्हता, पण संताजींसमोर जो जातो तो मरतो, जखमी होतो नाहीतर कैद होतो, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

आणि 1696 च्या उन्हाळ्यात हेच संताजी स्वतःच्या छत्रपतींशी लढले.

हे सांगितलं की सभागृहात खुर्च्या वाजायला लागतात. पण झालं ते झालं. मानपान, बक्षीस, कोण कुणामुळे टिकलाय, यावरून जिंजीत तोंडातोंडी झाली. वाद हाताबाहेर गेला, सेनापतिपद धनाजींकडे गेलं, आणि आयेवारकुटीला मराठ्यांच्या दोन फौजा समोरासमोर आल्या. एकीत महाराज आणि धनाजी, दुसरीत संताजी. संताजी जिंकले, ते जिंकणारच होते. धनाजींच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर हाती लागले, त्यांना हत्तीच्या पायी दिलं. राजाराम महाराजही सापडले. दुसऱ्या दिवशी संताजी स्वतःचे हात बांधून त्यांच्यासमोर उभे राहिले आणि मी तोच चाकर आहे म्हणाले, असं सांगतात.

मी इथे अडते, दर वेळी. आदल्या दिवशी हत्ती आणि दुसऱ्या दिवशी बांधलेले हात, दोन्ही एकाच माणसाचे. मला वाटतं दोन्ही खरे होते. महाराजांनी त्या हातांकडे पाहून काय करायला हवं होतं, हे तुम्ही सांगा. पुन्हा सेनापती करायचं? अमृतरावांच्या माणसांना काय तोंड दाखवायचं?

पुढचं भराभर घडलं. 1697 मध्ये विजापूरच्या बाजूला धनाजींशी पुन्हा गाठ पडली, तोवर संताजींचीच माणसं फुटून तिकडे गेली होती. लढाई संपायच्या आत सैन्य संपलं. शंभू महादेवाच्या डोंगरात ओढ्यावर आंघोळ करताना नागोजी माने या सरदाराने त्यांना गाठून मारलं. नागोजींची बायको राधाबाई ही अमृतरावांची बहीण. मुंडकं बादशहाकडे पोचलं. (ओढ्याचं पाणी आणि घोड्यांना दिसणारं पाणी यांची जोड लावली की हमखास टाळी पडते. वर्षानुवर्षं लावली. आता लावत नाही.)

वीस वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं, ‘औरंगजेबाला जमलं नाही ते धनाजींनी करून दाखवलं.’ त्या लेखाची कात्रणं लोक अजून माझ्याच तोंडावर धरतात. धरा. तेव्हा मला माणसं फुटली एवढंच दिसलं. का फुटली, हे मी विचारलंच नाही. सैन्य पगारी नव्हतं. सरदार आपापली पथकं उभी करायचे. सनद, म्हणजे मुलखावरच्या हक्काचा लेखी कागद, आधी मिळायची, मुलूख मागून जिंकायचा. शिवाजी महाराजांनी जी वतनदारी, म्हणजे पिढीजात जमिनीचे हक्क, आवळून धरली होती ती राजाराम महाराजांनी सैल सोडली, कारण पलीकडून बादशहा मनसबी, म्हणजे मोगली हुद्दे, वाटत होता आणि इकडे द्यायला दुसरं काही उरलंच नव्हतं. त्या सैलपणामुळेच युद्ध टिकलं. एक डोकं उडवून संपेल असं ते राहिलंच नाही. 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले तरी त्यांच्या राणी ताराबाईंनी पुढची सात वर्षं ते चालवलं, औरंगजेब नगरला मरेपर्यंत.

अशा फौजेत संताजींची शिस्त म्हणजे लहानशा चुकीलाही हत्तीचा पाय. दोड्डेरी त्याच शिस्तीने जिंकली, हे खरं. ज्यांच्या खिशात वतनाची सनद आणि पलीकडून मनसबीचं आमंत्रण होतं, ते तिच्याखाली किती दिवस राहणार? धनाजी माणसं सांभाळत, हरलेल्यालाही मोकळं सोडत. त्यांच्याकडे माणसं टिकली.

‘म्हणजे धनाजी बरोबर?’ हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. तसं मी म्हटलेलं नाही. जिंजी 1698 च्या जानेवारीत पडली, संताजी मारले गेल्यावर वर्षाच्या आत. ते असते तर पडली नसती, असं मला रात्री वाटतं. सकाळी आयेवारकुटी आठवते आणि ते बारगळतं. 1707 मध्ये खेडच्या लढाईत धनाजी ताराबाईंना सोडून संभाजीपुत्र शाहूंकडे गेले, तो हिशेबही तुम्ही मांडणार, माहीत आहे. मांडा. पण नागोजी मानेंच्या हातचं शस्त्र धनाजींच्या हातात देऊ नका, आणि दिलंत तर अमृतरावांवरचा हत्ती कुणी चालवला तेही त्याच दमात सांगा.

पुढचं व्याख्यान ताराबाईंवर आहे. तिथेही चहाच्या वेळी तुम्ही हेच विचारणार.