केसीला काढलं ते बरोबर होतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

टोरांटो परिसरात राहून बास्केटबॉल बघणाऱ्या माणसाला एक प्रश्न चुकत नाही. इथल्या मराठी घरांत तर गणपतीच्या जेवणाच्या पंगतीतही तो निघतो. टोरांटो रॅप्टर्स संघाला एका हंगामात ५९ सामने जिंकून देणाऱ्या, त्याच वर्षी एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा सर्वोत्तम कोच ठरलेल्या डुएन केसीला संघाचा कारभारी मसाई उजिरीने २०१८ मध्ये काढून टाकलं, ते बरोबर होतं का? विचारणारे बहुधा आपलं उत्तर घेऊनच आलेले असतात. काहींच्या मते पुढच्याच वर्षी रॅप्टर्सना विजेतेपद मिळालं, विषय संपला. बाकीचे म्हणतात, ते नव्याने आणलेल्या स्टार खेळाडूने, कवाय लेनर्डने, मिळवून दिलं. केसी असता तरी मिळालंच असतं, भल्या माणसाचा उगाच बळी गेला.

तर सांगते. निर्णय बरोबर होता, पण करंडक आला म्हणून नव्हे. आणि याच उजिरीने २०२३ मध्ये केसीच्या जागी आलेल्या निक नर्सला काढलं, तेव्हाचा त्याचा कारभार मला आजही पटत नाही. हे दोन्ही निर्णय शेजारी शेजारी ठेवले की पहिल्याची बाजू नीट दिसते.

नव्याने बघायला लागलेल्यांसाठी एवढंच, की एनबीएत संघाचा कारभारी खेळाडू निवडतो, विकतो, अदलाबदल करतो, पगाराच्या मर्यादेत सगळं बसवतो आणि कोचही तोच नेमतो. मिळालेल्या खेळाडूंपैकी कोणाला किती वेळ आणि कसं खेळवायचं, हे कोचचं काम. त्यामुळे कोचवरचा राग कितपत कोचचा आणि कितपत कारभाऱ्याचा, हा वाद कधीच मिटत नाही.

उजिरी २०१३ मध्ये डेन्व्हरहून टोरांटोला आला, तो त्या वर्षीचा सर्वोत्तम कारभारी म्हणून गौरव घेऊनच. नायजेरियातल्या झारियात वाढलेला हा माणूस बिनपगारी स्काउट, म्हणजे नवे खेळाडू शोधणारा, म्हणून एनबीएत शिरला होता. केसी आधीपासून कोच होता, आणि नवा साहेब आपला माणूस आणणार असंच सगळे धरून चालले होते. त्या डिसेंबरात उजिरीने रुडी गे या महागड्या खेळाडूला सॅक्रामेंटोला देऊन टाकलं. सॅक्रामेंटोचा संघ त्याच वर्षी मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी घेतला होता, म्हणून आमच्याकडे या सौद्याची चर्चा जरा जास्तच रंगली. सगळ्यांना वाटलं, संघ मोडायला काढलाय. मुद्दाम हरून अँड्र्यू विगिन्स हा इथलाच, ऑन्टारिओचा पोरगा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, मिळवायचा बेत आहे (तिथे हरणाऱ्या संघांना आधी निवडायची संधी असते). झालं उलटंच. बदल्यात आलेल्या चार जणांनी राखीव फळी भक्कम केली, संघ ४८ सामने जिंकला आणि केसीची नोकरी टिकली.

पुढची चार-पाच वर्षं केसीने जे केलं त्याचं मोल कमी करणाऱ्यांशी मी वाद घालते. बचावाची शिस्त त्याने लावली. कायल लाउरी आणि डिमार डीरोझन त्याच्या हाताखाली ऑल-स्टार झाले, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत गेले. सात वर्षांत ३२० विजय, तोवर या संघाच्या कुठल्याही कोचच्या नावावर एवढे नव्हते. पण मे महिना, म्हणजे सातपैकी चार सामने जिंकायच्या बाद फेरीच्या मालिका, आल्या की लेब्रॉन जेम्सचं क्लीव्हलँड समोर उभं राहायचं. २०१६ मध्ये ४-२, २०१७ मध्ये ४-०, २०१८ मध्ये पुन्हा ४-०.

२०१८ च्या मालिकेतला तिसरा सामना मी अजून विसरलेले नाही. मागे पडलेले रॅप्टर्स परत आले, आठ सेकंद असताना ओजी अनुनोबीने तीन गुणांचा बास्केट टाकून १०३-१०३ केलं. लेब्रॉन जेम्सने बॉल घेतला, डाव्या बाजूने धावत गेला आणि धावता धावता एका हाताने फळीवर आपटून बॉल आत घातला. १०५-१०३. शॉट अचाट होता, मान्य. पण सगळ्या जगाला माहीत होतं की बॉल त्याच्याच हातात येणार. त्याच्या अंगावर दोन माणसं घाला, बॉल दुसऱ्या कोणाला तरी टाकायला लावा, एवढी साधी गोष्ट झाली नाही. तीन वर्षांत त्याच माणसाने त्याच पद्धतीने हरवूनही आपली तऱ्हा तीच राहिली, हा माझा केसीवरचा खरा आक्षेप. नोव्हेंबरातल्या मंगळवारी साखळी सामन्यात ऑर्लँडोला हरवायला लागणारा कोच आणि सातपैकी चार सामने एकाच तगड्या संघाविरुद्ध काढणारा कोच, यांत फरक असतो. दुसऱ्याला दर दोन दिवसांनी आपला डाव बदलता आला पाहिजे.

११ मे २०१८ ला केसी गेला. मग महिनाभर शोध चालला. माइक ब्युडनहोल्झरचं नाव जोरात होतं, पण तो मिलवॉकीला गेला. आणि शेवटी नेमलं कोणाला, तर केसीच्याच शेजारी पाच वर्षं बसलेल्या निक नर्सला. तेव्हा इथले लोक भयंकर चिडले होते. हाच माणूस हवा होता तर मग काढलं कशाला, असं जो तो म्हणे. पण नर्सचा मागचा प्रवास बघा. आयोवाचा हा माणूस बर्मिंगहॅम, लंडन, ब्रायटन असा ब्रिटनच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं फिरला, मग एनबीएच्या खालच्या लीगमध्ये दोन वेगवेगळ्या संघांना विजेतेपद मिळवून दिलं. पैसा नाही, खेळाडू सारखे बदलताहेत, अशा ठिकाणी जो टिकतो त्याला प्रयोग करायची भीती वाटत नाही.

त्यानंतर १८ जुलैला डीरोझन आणि याकोब पोल्टल देऊन कवाय लेनर्ड आणि डॅनी ग्रीन आले. डीरोझनचं दुःख मला आजही लागतं. नऊ वर्षं ज्या शहराला त्याने आपलं म्हटलं, त्या शहराने त्याला न विचारता पाठवून दिलं. आपल्याला विकणार नाहीत असं त्याला वाटत होतं. बोलण्यात अंतर पडलं असेल तर माफी मागतो, असं उजिरीने जाहीरपणे म्हटलं. कवाय तरी कसा, तर आधीच्या वर्षी दुखापतीने फक्त नऊ सामने खेळलेला आणि वर्षभरात निघून जाण्याची शक्यता असलेला. (गेलाच.)

आणि बाकीचा संघ? मी मिसिसागात राहते. रॅप्टर्सचा धाकटा संघ, रॅप्टर्स ९०५, आमच्याच गावात खेळतो. तिथलं मैदान लहान, खेळाडूंचे बूट घासल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो. २०१६-१७ च्या हंगामात पास्कल सियाकम आणि फ्रेड व्हॅनव्हलीट या दोघांना मी तिथे पाहिलं. सियाकम ड्राफ्टमध्ये २७ वा, व्हॅनव्हलीटला तर कोणीच घेतलं नव्हतं. समोरच्यांचा बास्केट पडला की सियाकम बॉलकडे वळूनही न बघता थेट दुसऱ्या टोकाला पळत सुटायचा. बाकीचे चालत यायचे. त्या वर्षी ९०५ विजेते झाले. दोन वर्षांनी एनबीए फायनलच्या पहिल्या सामन्यात त्याच सियाकमने ३२ गुण केले. मला विचाराल तर उजिरीचं खरं कर्तृत्व कवायच्या सौद्याइतकंच या मिसिसागाच्या मैदानावर आहे.

आता केसी असता तरी जिंकलो असतो का, याकडे येते. २०१९ च्या बाद फेरीत मिलवॉकीविरुद्ध ०-२ ने मागे असताना नर्सने तिसऱ्या सामन्यापासून कवायला थेट त्यांच्या हुकमी खेळाडूवर, यानिसवर, लावलं आणि पुढचे चारही सामने घेतले. फायनलमध्ये समोरच्यांचा हुकमी नेमबाज स्टेफ करी, त्याच्या मागे व्हॅनव्हलीटला सावलीसारखं सोडून उरलेल्या चौघांचा चौकोन केला. हा बचाव शाळेच्या संघात बघायला मिळतो, एनबीएच्या फायनलमध्ये नाही. हसू होण्याची भीती असलेला कोच तो लावत नाही. या गोष्टी केसीने केल्या असत्या, असं त्याची सात वर्षं बघून मला वाटत नाही.

म्हणजे २०१८ मध्ये दुखणं एकच होतं, आणि कोच व खेळाडू दोन्ही बाजूंनी उपाय त्याच दुखण्यावर झाला, तोही एका उन्हाळ्यात. नर्सला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की आपल्याला मे आणि जूनसाठी आणलंय.

२०२३ मध्ये असं काहीच दिसलं नाही. ४१ विजय, ४१ पराभव. बाद फेरीत शिरण्यासाठीच्या शिकागोविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ३६ पैकी १८ फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट) चुकले आणि घरच्या मैदानावर हंगाम संपला. २१ एप्रिलला नर्सला काढलं. हा संघ बघायला मजा येत नव्हती, खेळाडू स्वार्थी झाले होते, असं उजिरी स्वतः म्हणाला. बरं, पण ते खेळाडू कोणी गोळा केले? सगळे सहा फूट नऊ इंचांचे, लांब हातांचे, आणि बाहेरून शॉट टाकणारे मोजके, ही रचना नर्सची नव्हती. कोचचा शोध जूनच्या मध्यापर्यंत चालला, कितीतरी नावं आली आणि गेली, आणि सर्बियाचा डार्को राजाकोविच आला. पण आपण नव्याने बांधतोय की जिंकायला खेळतोय, हे कोणी ठरवलंच नव्हतं. त्याच उन्हाळ्यात व्हॅनव्हलीट ह्यूस्टनला गेला, बदल्यात काहीही न मिळता. अनुनोबी डिसेंबरात न्यूयॉर्कला, सियाकम जानेवारीत इंडियानाला. म्हणजे नव्या कोचने सप्टेंबरात ज्यांच्यावर खेळ बसवला, ते निम्मा हंगाम व्हायच्या आत गेलेले.

उजिरी स्वतः जून २०२५ मध्ये गेला. आता पंगतीत राजाकोविचवरून वाद सुरू झालेत, २५ विजयांचा तो पहिला हंगाम लोक त्याच्या तोंडावर फेकतात. माझ्या हिशेबात ते २५ विजय त्याच्या खात्यात नाहीत. अनुनोबीच्या बदल्यात आरजे बॅरेट आणि इमॅन्युएल क्विकली आल्यानंतर, तरुण स्कॉटी बार्न्सभोवती जो संघ उभा राहिला, तिथून त्याचं मोजमाप सुरू करा. आणि मे महिन्यात एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दुसरा सामना हरल्यावर तिसऱ्यात तो काय बदलतो, ते आधी बघा.