काचेच्या नळीतलं अ‍ॅल्युमिनियम

"मॅडम, तिसऱ्यांदा केलं. फ्लोराइड काही चालतच नाहीये."

सकाळी दारातच आमच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने हे सांगितलं. आवाज बसलेला, डोळे तारवटलेले. तिची वही उघडली, तर कालच्या तारखेखाली आकड्यांच्या बाजूला लिहिलं होतं, 'हात चुकतोय माझा'. ते वाचून मला फार वाईट वाटलं, कारण हात तिचा चांगला आहे.

प्रयोग आमच्याकडे नेहमीचा. मेंदूचा तुकडा बर्फात ठेवून होमोजिनायझरमध्ये हलक्या हाताने फिरवला की चेतापेशींची टोकं तुटतात आणि तुटल्या जागी त्यांचं पटल, म्हणजे पेशीचं बाहेरचं आवरण, आपणहून मिटतं. हे सिनॅप्टोसोम. ते फोडून पटल वेगळं काढलं की तेही पुन्हा छोट्या छोट्या पिशव्यांच्या रूपात मिटतं. या पिशव्यांच्या, म्हणजे व्हेसिकलच्या, पटलात अ‍ॅडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम असतं. ते एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूपासून सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू बनवतं, पण किती बनवायचं हे ठरतं जी-प्रोटीनवर, म्हणजे पटलाला चिकटलेल्या, चालू-बंद होणाऱ्या प्रथिनांवर. त्यातलं जीएस एन्झाइमला चालना देतं, जीआय लगाम घालतं. जी-प्रोटीनच्या अल्फा भागात जीडीपी हा दोन फॉस्फेटांचा छोटा रेणू बसलेला असेल तर ते गप्प असतं. रिसेप्टरकडून, म्हणजे पटलातल्या बाहेरचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाकडून, इशारा आला की जीडीपी सुटतं, त्याच्या जागी तीन फॉस्फेटांचं जीटीपी बसतं आणि अल्फा एन्झाइमला जाऊन भिडतं. मग काही सेकंदांत तेच त्या जीटीपीचा शेवटचा फॉस्फेट तोडतं आणि पुन्हा गप्प होतं.

तिने चार प्रकारच्या नळ्या लावल्या होत्या. पहिलीत काहीच नाही. दुसरीत जीटीपी-गॅमा-एस, जीटीपीचंच एक रूप, जे जी-प्रोटीनला सहजी तोडता येत नाही. तिसरीत फॉर्स्कोलिन, जे थेट एन्झाइमलाच पकडतं. चौथीत १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड, ज्याने एन्झाइम चेतायला हवं. दुसरी आणि तिसरी उत्तम. चौथी मात्र पहिलीच्या जेमतेम वर.

मला आधी पिशव्यांचीच शंका आली. एन्झाइमची आणि जी-प्रोटीनची कामाची बाजू पेशीच्या आतली. पिशवी सुलट मिटली तर ती बाजू आतच कोंडली जाते आणि बाहेरून घातलेलं एटीपी तिथवर पोचत नाही. हा घोळ भल्याभल्यांना चकवतो. पण मग जीटीपी-गॅमा-एस कसं चाललं? एवढा मोठा, विद्युतभारित रेणू पोचतो आणि इवलंसं फ्लोराइड पोचत नाही, हे पटेना. एन्झाइम धड, जी-प्रोटीन धड. म्हणजे उणीव होती ती फ्लोराइडच्याच वाटेवर.

दोन वर्षांपूर्वीची वही काढली. त्यात फ्लोराइडची नळी दणक्यात चाललेली. ओळीओळीने ताडून पाहताना तिचं बोट एका जागी थांबलं: '१२ × ७५ काचेच्या नळ्या'. आता आम्ही प्लास्टिकच्या वापरतो. फ्लोराइड काच खातं म्हणून तो बदल मीच करवला होता. शिवाय एटीपीही हल्ली जास्त शुद्ध प्रतीचं घेतो.

तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. फ्लोराइडने हे एन्झाइम चेततं, हे १९५०च्या दशकाच्या शेवटीच दिसलं होतं. पण १९८२ मध्ये स्टर्नवाइस आणि गिलमन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की शुद्ध केलेल्या जी-प्रोटीनला नुसतं फ्लोराइड आणि मॅग्नेशियम पुरत नाही, अ‍ॅल्युमिनियमही लागतं. ते तोवर सगळ्यांच्या प्रयोगात न बोलावता येत होतं, वापरून टाकायच्या काचेच्या नळ्यांतून आणि बाजारच्या एटीपीतून! अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड जीडीपीच्या शेजारी, तुटलेल्या फॉस्फेटच्या रिकाम्या जागी जाऊन बसतं आणि जी-प्रोटीन जीटीपी मिळाल्यासारखं वागू लागतं. मला ही गोष्ट इतकी आवडते की दर वर्षी नव्या मुलांना सांगते. स्वतःच्या प्रयोगशाळेत मात्र ती वेळेवर आठवली नाही.

दुपारीच पुन्हा मांडलं. प्लास्टिकमध्ये फ्लोराइड. प्लास्टिकमध्ये फ्लोराइड आणि २० मायक्रोमोलर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड. नुसतं अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड. कपाटाच्या तळाशी सापडलेल्या जुन्या काचेच्या नळीत नुसतं फ्लोराइड. आणि तिने स्वतः सुचवलेली पाचवी: फ्लोराइड, अ‍ॅल्युमिनियम आणि डेफेरोक्सामीन, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला घट्ट धरून ठेवणारं औषध. ही पाचवी माझ्या मनात आली नव्हती, आणि खरा निवाडा तिच्यावरच होता.

संध्याकाळी काउंटरवर, म्हणजे मोजणीच्या यंत्रावर, सायक्लिक एएमपीचे आकडे उमटू लागले तेव्हा आम्ही दोघी उभ्याच होतो. पहिली थंड. दुसरी एकदम वर, जीटीपी-गॅमा-एसच्या तोडीची. तिसरी थंड. काचेची नळी दुसरीइतकी नाही, पण स्पष्ट वर. आणि पाचवी पुन्हा खाली.

"मॅडम, पाचवी बघा," एवढंच ती म्हणाली आणि माझा हात घट्ट धरला.

वहीत खाडाखोड चालत नाही, एकच रेघ मारायची असते. तिने कालच्या पानावर 'हात चुकतोय माझा' यावर पट्टीने सरळ रेघ मारली, सही केली, तारीख घातली आणि खाली लिहिलं: 'नळी प्लास्टिकची. अ‍ॅल्युमिनियम घातलेलं नाही.'