कमानपाट्याच्या बुशपासून ऑक्टाव्हिया आरएसपर्यंत: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं रबर आणि पॉलियुरेथेनचं (रबरासारखं लवचीक, पण जास्त चिवट प्लास्टिक) छोटं वर्कशॉप आहे. आज आमच्याकडे सगळ्यात जास्त काम येतं ते वेगाची आवड असणाऱ्यांच्या गाड्यांचं. लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुश, स्टॅबिलायझर बारचे (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) बुश, स्टिअरिंग रॅकचे माउंट. बुश म्हणजे दोन लोखंडी भागांच्या सांध्यात बसणारा, धक्का जिरवणारा रबरी तुकडा; गॅरेजवाले ज्याला सायलेंट ब्लॉक म्हणतात, तो भाग. पुणे, बेळगाव, गोवा इथून लोक गाडी घेऊन येतात आणि बहुतेकांची मागणी एकच असते: स्टिअरिंग फिरवलं की गाडीनं तिथल्या तिथे तोंड वळवलं पाहिजे.

धंदा सुरू केला आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. तेव्हा काम होतं ऑइल इंजिन आणि पंपांच्या कपलिंग रबरांचं, ट्रकच्या कमानपाट्यांच्या बुशचं आणि उसाच्या ट्रॉल्यांचं. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॉलीवाल्यांची रांग लागायची. क्षमतेच्या पलीकडे भरलेला ऊस आणि शेतातला रस्ता, बुश टिकणार कसा? आण्णांची एक पद्धत होती. नवा बुश देण्याआधी जुना हॅकसॉनं उभा कापायचा आणि गिऱ्हाइकासमोर बघायचा. रबर लोखंडापासून सोलून निघालं असेल तर बॉन्डिंग, म्हणजे रबर-लोखंडाची चिकट, कच्चं. रबर मधूनच फाटलं असेल तर बॉन्डिंग चांगलं, पण रबर त्या भाराला पुरं पडलं नाही. आणि फुगून चिकट झालं असेल तर कुणीतरी त्यावर ऑइल मारलंय. नैसर्गिक रबराला खनिज तेल चालत नाही. आजही आमच्याकडे कुठल्याही गाडीचं काम जुना बुश कापून बघण्यापासूनच सुरू होतं.

पॉलियुरेथेन आमच्याकडे आलं ते साखर कारखान्यांच्या कामामुळे. कन्व्हेयरचे स्क्रेपर, रोलरवरचं आवरण असल्या कामात रबर लवकर झिजायचं. त्या निमित्तानं ओव्हन घेतला, व्हॅक्यूम पंप घेतला, ओतकाम शिकलो. मोटारीचा त्यात कुठेच संबंध नव्हता.

तो आला ऑक्टाव्हिया आरएसमुळे. स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळचा, २००१ मध्ये सुरू झाला आणि २००४ मध्ये आरएस भारतात आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. त्या काळात आपल्या रस्त्यांवर अशी गाडी विरळाच. पुढे त्या जुन्या झाल्या, सेकंडहँड बाजारात आवाक्यात आल्या आणि तरुण पोरांनी त्या हौसेनं घेतल्या. अशीच एक आमच्या दारात आली. मालकाची तक्रार अशी, की आंबा घाटात ब्रेक मारून वळणात शिरताना गाडी आधी जरा विचार करते आणि मग वळते. टायर नवे, अलाइनमेंट झालेलं, शॉक अब्सॉर्बर बदललेले. तरी तो मधला ढिलेपणा जात नव्हता.

आम्ही गाडी रॅम्पवर घेतली. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरला आणि आम्ही दोघांनी पुढचं चाक पुढे-मागे ढकललं. लोअर आर्मच्या मागच्या टोकाला जो मोठा उभा बुश असतो, त्यात आर्म डोळ्याला दिसेल इतका सरकत होता. कापल्यावर आत रबराचे पूल, म्हणजे पोकळ्यांमधल्या पट्ट्या, दोन्हीकडून चिरलेले निघाले.

इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळ्या विषयाचं मूळ इथंच आहे. या गाडीच्या लोअर आर्मला दोन बुश असतात. पुढचा लहान, आडवा. तो जवळजवळ चाकाच्या मध्याच्या रेषेत येतो, त्यामुळे वळणात टायरवर येणारा बाजूचा जोर मुख्यतः तो पेलतो. मागचा मोठा बुश उभा, आणि त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या. खड्ड्यात चाक आपटलं की आर्म पुढच्या बुशभोवती किंचित फिरतो, चाक थोडं मागे जातं आणि धक्का बॉडीपर्यंत जात नाही. ती पोकळी कंपनीनं आरामासाठी ठेवलेली आहे, उगाच नाही. पण जोरात ब्रेक मारला तरी चाक तसंच मागे जातं. खालचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) मागे गेला की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, टोसुद्धा (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली, ते) हलतो आणि नेमक्या त्याच क्षणी ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवत असतो. आधी रबर दबतं, मग टायर पकड घेतो. गाडी विचार करते म्हणतात, ते हे.

म्हणून स्टिअरिंग धारदार करायचं तर सगळ्यात आधी हा मागचा बुश. आणि इथे कठीण पॉलियुरेथेन हा एकच रस्ता नाही. ऑडीची पहिली टीटी, त्या पिढीची गोल्फ आणि ही ऑक्टाव्हिया एकाच प्लॅटफॉर्मवरच्या. टीटीचा मागचा आर्म बुश ऑक्टाव्हियाच्या आर्ममध्ये बसतो, पण तो पोकळीशिवायचा, भरीव रबराचा. परदेशातले हौशी लोक वर्षानुवर्षं हा बदल करत आलेत. रोज ऑफिसला जाणारी आणि महिन्यातून एखाद्या रविवारी घाटात पळणारी गाडी असेल, तर माझ्या मते हाच उत्तम उपाय आहे. आमचा स्वतःचा माल विकायचा सोडून मी हे सांगतो, कारण ते खरं आहे. त्या पहिल्या आरएसलाही आम्ही भरीव रबरच बसवलं. मालक आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत गेला आणि तिथून फोन करून म्हणाला, "आता ब्रेकवर असतानाही गाडी हातात आहे."

तोंडी जाहिरात झाली. मग ज्यांना आणखी पुढे जायचं होतं ते आले. ट्रॅकवर जाणारे, टाइम अटॅक (घड्याळाविरुद्ध एकट्यानं फेरी मारण्याची शर्यत) करणारे. त्यांच्यासाठी आम्ही स्वतःचे बुश ओतायला लागलो.

कंपनीच्या रबराचा टणकपणा साधारण ५० ते ६५ शोअर ए (रबराचा टणकपणा मोजायचं माप, आकडा मोठा तितकं कडक) असतो. आम्ही ८० आणि ९० मध्ये ओततो. ९० म्हणजे नखानं दाबून काही होत नाही इतकं कडक. पण आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी. रबराचा बुश आतल्या आणि बाहेरच्या स्लीव्हला चिकटलेला असतो. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर स्वतः पिळलं जातं. पॉलियुरेथेनचा बुश चिकटलेला नसतो, तो स्लीव्हवर फिरतो. एकाच अक्षावर फिरणं असेल तिथे तो फार छान चालतो, उलट आर्म मोकळा हलतो. पण ज्या सांध्याला दोन-तीन दिशांनी वाकावं लागतं, तिथे तो अडकतो. मग सस्पेन्शन जाम होतं, टायर रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारतो आणि पकड वाढण्याऐवजी घटते.

म्हणून ऑक्टाव्हियाच्या मागच्या ॲक्सलच्या बुशला आम्ही पॉलियुरेथेन लावत नाही. फोक्सवॅगन परिवाराच्या त्या टॉर्शन बीमचे (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पिळला जाणारा एकच आडवा भाग) बुश तिरके बसवलेले असतात आणि वळणात ॲक्सल वेडीवाकडी वळू नये, टो सांभाळला जावा, अशी त्यांची रचना असते. तिथे कडक तुकडा ठोकला की इंजिनिअरनं केलेलं गणितच पुसलं जातं. नवं रबर घ्या, कंपनीनं दिलेल्या कोनात बसवा, बस्स. "पूर्ण किट द्या, सगळे बुश कडक करा" म्हणणारे रोज येतात. त्यांना चहा पाजून समजावतो. काही जण नाराज होऊन जातात आणि दुसरीकडून करून घेतात. त्यातले काही मग केबिनमधला घरघराट घेऊन परत येतात. पुढच्या आर्मला मध्यम कडक, स्टॅबिलायझर बारला आणि रॅकच्या माउंटला कडक, मागे चांगलं रबर: रस्त्यावरच्या गाडीसाठी हा मेळ आम्हाला सगळ्यात पटलेला आहे.

ओतकामात कोल्हापूरचा पाऊस आमची खरी परीक्षा घेतो. पॉलियुरेथेनमधलं आयसोसायनेट हे रसायन हवेतल्या ओलाव्याशी लागलीच भिडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मालात बुडबुडे येतात. वरून चकचकीत दिसणारा बुश कापला की आत जाळी. आषाढ-श्रावणात इथली हवा कशी असते ते सांगायला नको. म्हणून प्रीपॉलिमरचा (पॉलियुरेथेनचा पातळ कच्चा माल) डबा उघडला की वर कोरडा नायट्रोजन सोडून लगेच बंद करतो, मोल्ड आधीपासून शंभर अंशाच्या आसपास तापवून ठेवतो आणि व्हॅक्यूमखाली मिश्रण फसफसून शांत होईपर्यंत कुणी हात लावत नाही. क्युरेटिव्ह (माल घट्ट करणारं रसायन) मिसळल्यावर हातात मोजकी मिनिटं असतात. आमचे ओतकाम करणारे मामा त्या वेळी कुणाशी बोलत नाहीत, फोनही बाहेर ठेवतात. ओतून झाल्यावर रात्रभर ओव्हन. मोका हा क्युरेटिव्ह कर्करोगकारक आहे, त्यामुळे हातमोजे, मास्क आणि एक्झॉस्ट याशिवाय त्या खोलीत शिरायचं नाही, मालकानंसुद्धा.

पावसामुळेच आणखी एक निर्णय घेतला. पॉलियुरेथेन दोन प्रकारचं: पॉलिएस्टर आणि पॉलिईथर. पॉलिएस्टर घर्षणाला आणि तेलाला चांगलं, पण सतत पाण्यात राहिलं की हळूहळू विघटतं. आमची गिऱ्हाइकं जातात आंबोलीला, जिथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाहीतर गगनबावड्याला. इथे पॉलिईथरच पाहिजे. महाग पडतं, तरी तेच वापरतो.

बसवण्याचं काम आम्ही शक्यतो आमच्याकडेच करतो, कारण चांगला बुश वाईट बसवला तर काय होतं ते आम्ही दर आठवड्याला बघतो. रबराचा बुश बसवताना आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी, वजन सस्पेन्शनवर, मगच शेवटचा टॉर्क. नाहीतर गाडी खाली आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग दोष बुशला. पॉलियुरेथेनला हा नियम लागत नाही, पण त्याला सिलिकॉन ग्रीस भरपूर लागतं. हात आखडता घेतला की स्पीडब्रेकरवर कुईकुई सुरू. पोकळीच्या बुशची दिशा पेंटनं खूण करून मगच प्रेसखाली घेतो. आणि काम झाल्यावर टो न तपासता एकही गाडी बाहेर जात नाही.

ऑक्टाव्हियानंतर फियाटवाले आले. आधी पॅलिओ १.६, मग रांजणगावला बनलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो. तिचं हायड्रॉलिक स्टिअरिंग मुळातच इतकं बोलकं, की आर्मचे बुश नवे केले आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) बघितले की बहुतेक वेळा पुढे काही करावंच लागत नाही. चाकणची पोलो जीटी टीएसआय मात्र सगळ्यात जास्त येते. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, तसे तिचे मालक तिला आणखीनच जपायला लागलेत.

सध्या तिच्याचसाठी काम चालू आहे. पुढच्या आर्मच्या मागच्या बुशमध्ये स्लीव्ह मध्यापासून थोडी सरकवून बॉल जॉइंट पुढे न्यायचा, म्हणजे कॅस्टर वाढेल आणि वळणातून बाहेर येताना स्टिअरिंग आपोआप सरळ होईल. अडचण आहे चाक कमानीला लागण्याची, पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर पुढच्या बाजूला. पॉलियुरेथेन थंड होताना एक-दोन टक्के आकसतं, तेवढं मोल्डमध्ये वाढवून घ्यावं लागतं आणि इथे तर मिलिमीटरचाच खेळ आहे. मोल्ड लेथवर आहे. पहिले नमुने दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की ओतू. स्वतःची पोलो चाचणीसाठी द्यायला कुणी तयार असेल तर वर्कशॉपवर यावं. जुने आर्म सोबत आणले तर उत्तमच, आम्हाला ते कापून बघायचे आहेत.