उकाराची साक्ष

नाशिकात छापखाना म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नाशिकरोडचा नोटांचा कारखानाच येतो. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ सालचा आणि करन्सी नोट प्रेस १९२८ सालचा, त्यामुळे या गावाची छपाईतली ओळख त्यांच्याच नावावर जमा आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा छापखाना दहीपुलाजवळच्या बोळात आहे. वडिलांनी १९६४ साली तो सुरू केला, तेव्हा एक ट्रेडल मशीन, म्हणजे दाब देऊन छापणारे यंत्र, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, काही केसी (खणांच्या पेट्या) आणि ती अक्षरे जुळवणारा एक जुळारी एवढाच संसार होता. आज मजकुराची छपाई ऑफसेटवर बाहेरून करून आणतो. ट्रेडलवर उरले आहे ते बिलबुकांना नंबर घालणे, पावत्यांना परफोरेशन करणे आणि पत्रिकांच्या कार्डाला घडीची रेघ पाडणे. ज्या कामाला दाब लागतो, ते काम अजून या मशीनकडेच येते.

खिळ्यांच्या केसी मात्र मी मोडीत घातल्या नाहीत. शिशाला भाव बरा येतो हे ठाऊक असूनही घातल्या नाहीत, आणि त्यामुळे आमच्याकडे गिऱ्हाइकांखेरीज एक वेगळीच मंडळी येत राहते. एका प्राध्यापकांना नंबरिंग मशीन अडकून एकच आकडा दोनदा पडलेल्या पावत्या हव्या असतात. चित्रकलेच्या एका विद्यार्थिनीला झिजलेले, कोपरे उडालेले खिळेच हवेत. चांगला खिळा दिला तर ती परत करते. या सर्वांत ज्येष्ठ म्हणजे नाना. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ जुन्या लग्नपत्रिका जमवतात. रद्दीवाल्यांकडून, वाड्यांच्या माळ्यांवरून, कुणाच्या देवघरातल्या पोथीत खूण म्हणून ठेवलेल्या, अशा कुठूनही आलेल्या पत्रिका ते वर्षवार लावून गठ्ठे बांधतात. पत्रिकेवरच्या वधूवरांशी त्यांना काही कर्तव्य नसते. त्यांना मुद्रणस्थळ, शाईचे रंग आणि गणपतीचा ब्लॉक, म्हणजे चित्राचा ठसा, यांत रस. हा छंद निरुपयोगी आहे असे त्यांच्या घरचे म्हणतात, आणि त्या दिवसापर्यंत माझेही मत फारसे वेगळे नव्हते.

तो लग्नसराईतला दिवस होता. मशीनमन पत्रिकांच्या घड्या पाडत होता, नाना स्टुलावर बसून चहा पीत होते, आणि साधारण पन्नाशीच्या एक ताई प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले एक कार्ड घेऊन आल्या. त्यांचे वडील वारले होते. आईच्या कागदपत्रांचे काम चालू असताना वडिलांच्या जुन्या कचेरीतल्या नोंदीत विवाहाचे वर्ष १९६३ आहे असे निघाले. आईच्या प्रतिज्ञापत्रात १९६८ होते. पाच वर्षांच्या या फरकाने फाइल अडली होती, आणि वकिलांनी लग्नाच्या काळातला काही छापील पुरावा असेल तर शोधा म्हणून सांगितले होते. ट्रंकेच्या तळाशी ही पत्रिका सापडली, पण नेमका वर्षाचा भाग कसरीने खाल्लेला. खाली मुद्रणस्थळाची ओळ असते तो काठही गेलेला. कुणीतरी त्यांना सांगितले होते की दहीपुलाजवळ एक जुना छापखाना अजून चालू आहे, तिथे विचारून पाहा.

मी आधी कार्ड उलटे करून मागच्या बाजूने बोट फिरवले. ऑफसेटचा कागद मागून गुळगुळीत लागतो. खिळ्यांनी छापलेल्या कार्डावर अक्षरांचा दाब बोटाला कळतो, विशेषतः पूर्णविराम आणि रेघा जिथे असतात तिथे. तो इथे होता, म्हणजे निदान ही नंतर काढलेली नक्कल नव्हती. मग सुलटे करून वाचले. वर लाल शाईत गणपती, खाली हिरव्या शाईत मजकूर, चिरंजीवांचा विवाह कऱ्हाड येथील अमुक यांच्या कन्येशी कऱ्हाड मुक्कामी होणार असल्याचे नाशिकच्या वरपित्याचे निमंत्रण. तारखेच्या ओळीत ‘मिती मार्गशीर्ष’ एवढे शाबूत होते, मग बोटाच्या पेराएवढे भोक, मग ‘बुधवार, ता. ४ डिसेंबर १९’ आणि तिथून पुढचा काठ नाहीसा. तिथी, शके आणि इसवी सन, तिन्ही गोष्टी किड्याने नेमक्या निवडून खाल्ल्यासारख्या.

नाना तोवर स्टूल सोडून माझ्या खांद्यामागे आले होते. ताईंची परवानगी न घेताच त्यांनी हिशेब मांडायला सुरुवात केली. कोणत्याही तारखेचा वार दर वर्षी एकाने पुढे सरकतो आणि लीप वर्षाचा फेब्रुवारी मध्ये आला तर दोनाने, म्हणून तोच वार त्याच तारखेला पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा येतो. चार डिसेंबरला बुधवार आला तो १९५७, १९६३, १९६८ आणि १९७४ साली. ताईंचा चेहरा उतरला, कारण भांडणातली दोन्ही वर्षे त्या यादीत होती. पत्रिकेवर पिनकोड नाही हे मी दाखवले. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्यावर नानांनी मला बँकेच्या थाटात ऐकवले की पिनकोड असता तर तो पुरावा ठरला असता, नसणे हा पुरावा होत नाही. त्यांचे बरोबर होते.

मग मी गणपतीकडे पाहिले. उजव्या हाताच्या परशूखाली एक बारीक रेघ तुटलेली होती आणि प्रभावळीच्या डाव्या टोकाला टोचल्यासारखा ठिपका होता. ते पाहताच मी आतल्या कपाटाकडे गेलो. आमच्याकडचे ब्लॉक जस्ताचे, सागवानी ठोकळ्यांवर लहान लोखंडी चुकांनी ठोकलेले; कलश, केळीचे खांब, सनई-चौघडा, आणि गणपतीच पाच-सहा तऱ्हांचे. हवा होता तो सापडला. त्यावर हातरोलरने थोडी शाई दिली, साध्या कागदाच्या तुकड्यावर दाबून छाप काढला आणि तो कार्डाशेजारी ठेवला. परशूखालची रेघ तिथेच तुटलेली, ठिपका तिथेच. मशीनमनने ट्रेडल थांबवले आणि तोही येऊन वाकून पाहू लागला.

वडिलांनी १९६४ साली छापखाना काढला, म्हणजे १९६३ ची पत्रिका आमच्याकडे छापली जाणे शक्य नाही, असे मी ताईंना सांगू लागलो तेवढ्यात नानांनी पुन्हा हात वर केला. बंद पडलेल्या छापखान्याचे सामान नवा छापखानावाला विकत घेतो हे त्यांना ठाऊक होते. हा ब्लॉक वडिलांनी जुना घेतला असेल आणि आधीच्या मालकाने १९६३ मध्ये तो वापरला असेल, तर? प्रश्न रास्त होता. नुसत्या ब्लॉकवर मी शपथ घेतली नसती. पण मजकुरात ‘मंडळींसह’ आणि ‘कळविण्यास’ हे शब्द होते आणि दोन्हींतला ळ बाकीच्या अक्षरांहून किंचित जाड, वेगळ्या घाटाचा होता. आमच्या केसीत ळ कायम कमी पडत, म्हणून वडिलांनी दुसऱ्या फाउंड्रीचे, म्हणजे खिळे ओतणाऱ्या दुसऱ्या कारखान्याचे, थोडे ळ आणून त्यात मिसळले होते, आणि त्यावरून ते व जुळारी यांच्यात झालेली कुरकुर मी लहानपणी ऐकली आहे. तो मिश्र ळ आजही त्याच खणात आहे. चिमट्याने दोन खिळे उचलून मी भिंगाखाली धरले. पत्रिका आमच्याच घरची होती. नानांनी मान डोलावली, म्हणजे मान्य केले.

तरीही माझ्या सांगण्यात एक अडचण उरत होती, आणि ती ताईंनी स्वतःच काढली. छापखाना १९६४ चा हे मी म्हणणार, माझ्याच तोंडाने. ते कचेरी ऐकेल का? छापखान्यावर अजिबात अवलंबून नसलेले असे काही या कार्डावर आहे का?

मी भिंग पुन्हा त्या भोकावर नेले. इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. त्या काळचे आमचे टाईप मुंबई पद्धतीचे, म्हणजे डिग्रीचे होते. त्यात मूळ अक्षराचा खिळा वेगळा, वरच्या मात्रा-वेलांट्यांचे खिळे वेगळे आणि खालचे उकार-ऋकार वेगळे. एक ओळ जुळवायची म्हणजे वरची, मधली आणि खालची अशा तीन पट्ट्या तीन मजली चाळीसारख्या एकावर एक चढवायच्या, आणि जिथे मात्रा किंवा उकार नाही तिथे कोरी स्पेस भरायची. जुळाऱ्याचा हात सैल पडला तर उकार अक्षराच्या पायाशी न चिकटता थोडा खाली, थोडा बाजूला पडतो. या पत्रिकेत तसेच झाले होते. कसरीने मधला मजला खाल्ला होता, पण ‘मार्गशीर्ष’ या शब्दानंतर लगेच, भोकाच्या खालच्या कडेला, हिरव्या शाईची एक बारीक वळलेली खूण शिल्लक होती.

ती खूण कसली, यावर आम्ही तिघे बराच वेळ वाकून राहिलो. ती ‘बुधवार’मधल्या बु चा उकार नव्हता, कारण तो शब्द भोकाच्या पलीकडे अख्खा होता. महिन्याच्या नावानंतर पत्रिकेत पक्ष येतो. वद्य किंवा नुसते ‘व॥’ असते तर खालच्या पट्टीत कोरी स्पेस असती आणि काहीच उमटले नसते. कृष्ण असते तर ऋकार असता, आणि त्याचे वळण उघडे असते. मी केसीतून उकार आणि ऋकार असे दोन्ही खिळे काढून शाई लावून शेजारी छापले. नंतर याच पत्रिकेतल्या ‘शुभमुहूर्तावर’ या शब्दाकडे लक्ष गेले. तिथल्या शु चा उकारही असाच खाली घसरलेला आणि श च्या दांडीपासून त्याच अंतरावर. भोकावरची खूण उकाराची होती. पक्ष शुद्ध होता.

हे ऐकताच नाना चपला घालून निघाले. सार्वजनिक वाचनालयात जातो म्हणाले. १८४० साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयात त्यांचा निम्मा दिवस जातो. पण त्यांना वाटेत आठवले की आपल्या घरीच जुन्या पंचांगांचा गठ्ठा आहे, आणि ते तोच घेऊन आले. कालनिर्णय १९७३ साली आले, त्याआधी घरोघरी पंचांगच पाहिले जाई आणि नानांच्या वडिलांनी ती टाकून दिली नव्हती. १९६३ साली पौर्णिमा ३० नोव्हेंबरला होऊन गेली होती, म्हणजे ४ डिसेंबरला वद्य पक्ष. १९७४ सालीही पौर्णिमा नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे पुन्हा वद्य. १९५७ साली त्या दिवशी शुद्ध पक्ष होता खरा, पण तेव्हा नवरदेव शाळेत होते. उरले १९६८. नानांनी शके १८९० चे पान उघडून बोट ठेवले आणि मोठ्याने वाचले, ‘‘मार्गशीर्ष शुद्ध पंधरा, बुधवार, दत्तजयंती.’’

कचेरीतल्या कुणीतरी हाताने लिहिलेल्या इंग्रजी आकड्यातला आठ तीन वाचला असावा, आणि योगायोगाने त्या वर्षीही बुधवारच निघाल्यामुळे चूक उघडी पडली नसावी, असा माझा तर्क आहे. तो सिद्ध करण्याची गरज उरली नव्हती. चंद्र कुणाच्या छापखान्याचा नव्हता.

ताईंनी तिथूनच आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ‘‘आई, तुझं लग्न दत्तजयंतीला झालं का गं?’’

पलीकडून क्षणभर काही आले नाही, आणि मग चांगला खणखणीत आवाज आला. ‘‘मग मी इतके दिवस काय सांगतेय तुम्हाला? दत्तजयंतीचं लग्न, भूकंपाला वर्ष व्हायला आठ दिवस कमी होते. आमच्या माडीची भिंत तेव्हा नुकती बांधून झाली होती. तुझा दादा म्हणतो, आईला आता आठवत नाही.’’

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. नाना बोटांवर मोजत होते, ते थांबले.

मी वकिलांसाठी लेटरहेडवर जे पाहिले ते लिहून दिले: ब्लॉक, ळ आणि उकार, सोबत शाईत काढलेले छाप जोडून. पंचांगाच्या पानाची प्रत नानांनी दिली. फाइल पुढे सरकल्याचे ताईंनी नंतर कळवले. त्या दिवशी त्यांनी पैसे विचारले तेव्हा मी नको म्हणालो, पण नाना नको म्हणाले नाहीत. काम झाल्यावर ती पत्रिका आपल्या १९६८ च्या गठ्ठ्यासाठी द्याल का, असे त्यांनी सरळ विचारले, आणि आईला विचारून सांगते असे म्हणून ताई गेल्या.

आईंचा निरोप आला तो असा: पत्रिका मिळणार नाही, मात्र नानांनी चहाला जरूर यावे, आणि त्यांच्या माहेरच्यांनी कऱ्हाडला छापलेली पत्रिका त्यांच्याकडे एकही उरलेली नाही, तर नानांच्या गठ्ठ्यांत ती कुठे असेल का, तेवढे पाहावे. नाना तेव्हापासून सातारा-कऱ्हाडकडच्या रद्दीवाल्यांचे पत्ते गोळा करत आहेत, आणि कुणी त्या बाजूला जाणार असेल तर माझ्या दुकानात बसूनच त्याच्या गळी हे काम उतरवतात.