तुम्ही विचारलंत म्हणून: तो जुना जाड फझ कसा काढायचा

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा आहे. शब्द थोडे बदलतात, पण गाभा तोच, की १९६८ ते १९७२ च्या आसपासच्या हेवी रॉक रेकॉर्ड्सवर जो गिटारचा जाड, खरबरीत, छातीत गुरगुरणारा आवाज आहे तो मला हवाय, तर कुठलं फझ पेडल (गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावायची, आवाज मुद्दाम फाडणारी पायाने दाबायची डबी) घेऊ? आणि गंमत म्हणजे विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे एक फझ आधीच असतं, कधी दोन असतात, आणि ते लावलं की त्यांना ऐकू येतो एक बारीक, चिरका, डबीत कोंडलेल्या माशीसारखा आवाज. म्हणून ते तिसरं घ्यायला निघालेले असतात.

माझं उत्तर दरवेळी एकच असतं, आधी गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणा. म्हणजे दहाचा सात. मग पेडलवरचा फझ नॉब थोडा मागे घ्या, ॲम्पचे मिड्स (मधल्या पट्टीचे सूर) वर करा, ॲम्प पूर्ण क्लीन, म्हणजे स्वच्छ वाजत असेल तर त्याला जरा फाटू द्या, आणि आता तोच रिफ (गिटारची फिरून फिरून येणारी धून) वाजवून बघा. अर्ध्याहून जास्त लोकांचं काम इथेच होतं, आणि हे का होतं ते मला नीट सांगायचंय, कारण ते एकदा कळलं की पेडल कुठलंही असो, तुमचा हात आपोआप योग्य नॉबकडे जातो.

मुळात फझ म्हणजे काय, तर बिघाड. १९६०-६१ च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या रेकॉर्डिंगला ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता, आणि मिक्सिंग कन्सोलच्या त्या चॅनलचा ट्रान्सफॉर्मर बिघडल्यामुळे त्याचा सोलो फाटका-घोगरा रेकॉर्ड झाला. तो तसाच ठेवला, लोकांना आवडला, आणि इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने रेव्हिस हॉब्ज बरोबर तोच आवाज ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम काढणारं सर्किट बनवलं. गिब्सनने ते १९६२ ला माएस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणलं, आणि जाहिरात काय, तर यातून गिटार ट्रम्पेटसारखी वाजेल, चेलोसारखी वाजेल. फारसं कोणी विचारलं नाही. मग १९६५ ला रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' आलं, कीथ रिचर्ड्सच्या डोक्यात ती धून खरं तर ब्रास सेक्शनसाठी होती आणि फझ ही तात्पुरती खूण होती, पण रेकॉर्डवर गेली ती फझवालीच, आणि त्यानंतर त्या पेडलवर उड्या पडल्या. त्याच वर्षी लंडनमध्ये गॅरी हर्स्टचा टोन बेंडर आला, १९६६ ला आर्बिटरचा गोल फझ फेस, आणि १९६९ ला न्यूयॉर्कमधून इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा बिग मफ. आज जी फझ पेडल्स मिळतात त्यातली बहुतेक या चौघांपैकी कुणाची तरी नातवंडं आहेत.

आता फझ फेस घेऊया, कारण सगळी मजा आणि सगळा त्रास त्यात आहे. आत बघितलंत तर काहीच नाही, दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन नॉब. पण याचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, फार कमी आहे, काही हजार ओम. ॲम्पचा इनपुट साधारण दहा लाख ओमचा असतो, म्हणजे ॲम्प पिकअपकडून (तारांची कंपनं पकडणारा गिटारवरचा भाग) जवळजवळ काहीच ओढत नाही, फक्त ऐकतो. फझ फेस मात्र पिकअपला घट्ट धरतो. पिकअपची कॉइल, गिटारचा व्हॉल्यूम नॉब, केबल, हे सगळं त्या सर्किटचा भाग होऊन जातं. आणि म्हणून गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणला की नुसता आवाज कमी होत नाही, पिकअप आणि पेडलच्या मध्ये रेझिस्टन्स येतो, पेडलची पकड ढिली होते, गेन (पेडल सिग्नल किती वाढवतं ते) झपाट्याने उतरतो आणि वरची चमक उलट परत येते. चारवर आणा, जवळजवळ क्लीन, काचेसारखा आवाज, आणि पेडल चालूच आहे. जिमी हेंड्रिक्स गाण्याच्या मधल्यामध्ये पेडल न दाबता स्वच्छ कॉर्ड्सवरून आगीवर जायचा त्यामागे गिटारवरच्या या नॉबचा मोठा हात आहे.

मागे एका मित्राच्या प्रॅक्टिसला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. त्याच्याकडे जर्मेनियम ट्रान्झिस्टरवालं चांगलं फझ, चांगली गिटार, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प, सगळं होतं, आणि आवाज असा की कानात सुई. व्हॉल्यूम सातवर आणला तरी काही फरक नाही, फक्त हळू झाला, चिरका तो चिरकाच. मग खाली बसून बोर्ड बघितला, तर गिटार आधी ट्यूनर पेडलात जात होती, आणि त्या ट्यूनरमध्ये बफर (सिग्नल जोरकस करून पुढे देणारं छोटं सर्किट), म्हणजे फझला पिकअप दिसतच नव्हता, दिसत होता बफर, जो त्याला हवा तेवढा करंट आनंदाने देत होता. ट्यूनर काढून फझच्या नंतर लावला, दोन मिनिटांचं काम. पहिलाच ई कॉर्ड मारला आणि तो वाजवायचा थांबला, माझ्याकडे बघितलं, परत मारला. त्याचा तो चेहरा अजून आठवतो, कारण मलाही पहिल्यांदा हे कळलं तेव्हा तसंच झालं होतं. तेव्हा फझ फेस किंवा टोन बेंडर जातीचं पेडल असेल तर ते गिटारनंतर सगळ्यात पहिलं लावा, मध्ये बफर नको, वायरलेस नको. वाह (पायाने हलवून आवाजाचा रंग बदलणारं पेडल) असेल तर तो फझच्या नंतर लावून बघा, आधी लावलात तर बऱ्याचदा नीट फिरत नाही, किंचाळतो. बिग मफला मात्र बफरचं एवढं वावडं नाही.

आतले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे की सिलिकॉनचे, यावर लोक तासन् तास भांडतात. सुरुवातीचे फझ फेस जर्मेनियमचे होते, साठचं दशक संपता संपता सिलिकॉन आले. सिलिकॉनमध्ये गेन जास्त, कडा धारदार, हवामानाची पर्वा नाही. जर्मेनियम जरा मऊ, व्हॉल्यूम खाली आणला की जास्त सुंदर साफ होतो, पण तापमानाला भयंकर हळवा. ट्रान्झिस्टरमधून जो थोडासा करंट नको असताना गळतो तो दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो, आणि त्याबरोबर बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजवर बसवलेला असतो ते, सरकतो. माझं स्वतः सोल्डर केलेलं एक आहे, दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर साडेचार व्होल्ट मिळावेत असा ट्रिमपॉट (आतला छोटा नॉब) लावून, म्हणजे नऊ व्होल्टच्या बरोबर मध्ये. मल्टिमीटर लावून तो आकडा बघत असताना ट्रान्झिस्टरच्या टोपीवर नुसतं बोट ठेवायचं, बोटाच्या उबेने आकडा डोळ्यांदेखत हलायला लागतो, बोट काढलं की हळूहळू परत येतो. हे मी कितीतरी वेळा उगाचच करून बघितलंय, त्या एवढ्याशा डबीला आपला हात लागलेला कळतो हे मला फार आवडतं. पण हाच ट्रान्झिस्टर स्टेजवरच्या दिव्यांखाली तासभर तापला की आवाज घुसमटतो, नोट संपताना तुटक तुटक थुंकल्यासारखी येते, आणि माणूस पेडल बिघडलं समजून विकायला काढतो. बिघडलेलं नसतं, सावलीत ठेवा, थंड होऊ द्या. गरम ठिकाणी नेहमी वाजवत असाल तर सरळ सिलिकॉन घ्या किंवा बाहेर बायसचा नॉब असलेलं, त्यात कमीपणा काही नाही.

अजून एक, हे जरा जपून. जर्मेनियमची जुन्या पद्धतीची बरीच पेडल्स पॉझिटिव्ह ग्राउंडची असतात, म्हणजे नेहमीच्या उलट त्यांची ग्राउंड बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली असते. त्यांना बाकीच्या पेडल्सबरोबर एकाच ॲडॅप्टरच्या माळेत लावलंत तर शॉर्ट होतं. वेगळी, आयसोलेटेड (बाकीच्यांशी न जोडलेली) सप्लाय द्या नाहीतर बॅटरीवर चालवा. साधी कार्बन-झिंकची बॅटरी लोक मुद्दाम वापरतात, तिचा आतला रेझिस्टन्स जास्त असतो त्यामुळे जोरात वाजवलं की व्होल्टेज किंचित बसतं आणि आवाज थोडा दबून मऊ येतो. फरक आहे, पण छोटा आहे, इथून सुरुवात करू नका.

ॲम्पबद्दल मात्र मी हटून बसतो. त्या रेकॉर्ड्सवरचा फझ क्वचितच एकटा असतो. पन्नास-शंभर वॉटचे व्हॉल्व्ह ॲम्प, बहुतेकांना मास्टर व्हॉल्यूम (फाटणं तसंच ठेवून आवाज कमी करायचा नॉब) नाही, म्हणजे जोरात वाजवल्याशिवाय फाटणार नाही आणि वाजवले जायचे जोरातच. फझ आधीच फाटू लागलेल्या ॲम्पच्या तोंडावर जाऊन आदळतो, ॲम्प त्याच्या टोकदार कडा घासून गोल करतो, आणि तो जाडपणा तिथे तयार होतो. तोच फझ ट्रान्झिस्टरच्या स्वच्छ ॲम्पमध्ये, किंवा त्याहून वाईट म्हणजे सरळ ऑडिओ इंटरफेसमध्ये (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी डबी) लावलात तर त्या कडा जशाच्या तशा कानावर येतात. त्यात गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने हात टेकतो, आणि फझचा सगळा कचरा नेमका तिथे असतो. म्हणून घरी हेडफोनवर वाजवताना कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) लावल्याशिवाय फझबद्दल कुठलंही मत बनवू नका, आणि ॲम्प मोठ्याने लावता येत नसेल तर फझच्या नंतर एक हलका ओव्हरड्राइव्ह (फझपेक्षा मऊ फाडणारं पेडल) ठेवा, त्याला ॲम्पचं काम करू द्या.

आणि मिड्स! बिग मफचा टोन नॉब मध्यावर असला की हजार हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा पडतो. एकट्याने खोलीत वाजवताना तो खड्डा फार भारी वाटतो, खाली गडगडाट, वर सळसळ. मग ड्रम्स आणि बेस सुरू होतात आणि गिटार गायब, कारण खाली बेस बसलाय, वर सिंबल्स बसल्यात, आणि गिटारची जी हक्काची जागा ती तुम्ही स्वतःच कापून टाकलीत. ॲम्पचे मिड्स आठवर न्या, बेस चारवर आणा. खोलीत एकट्याला थोडं नाकातलं वाटेल, वाटू दे, बँडमध्ये तेच जाड लागतं.

काय वाजवता यालाही महत्त्व आहे. फझमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या वारंवारितेतल्या फरकाचा तिसरा सूर आपोआप तयार होतो. ए ची तार ११० हर्ट्झ, तिच्यावरचा ई साधारण १६५, फरक ५५, म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा ए. न वाजवलेला सूर तळातून ऐकू येतो, पॉवर कॉर्डला (अशा दोनच सुरांच्या कॉर्डला) ते वजन येतं ते यामुळे. आता त्यात मधला सी शार्प घाला, १३८.६, तर एका बाजूचा फरक येतो २८.६ आणि दुसऱ्या बाजूचा २६.२, आणि ते दोघं एकमेकांना घासत बसतात, सगळा चिखल. त्यामुळे पूर्ण मेजर कॉर्ड मारून पेडलला दोष देऊ नका, दोन तारा वाजवा, बाकीच्या तळहाताने आणि बोटांनी गप्प ठेवा. नेक पिकअप (मानेकडचा) लावा, टोन नॉब थोडा खाली, तार जरा हळू छेडा.

खूप जण ब्लॅक सॅबथ या बँडचं नाव घेऊन विचारतात, म्हणून तेही सांगतो. १९७० च्या पहिल्या अल्बमवर त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीचा जो आवाज आहे तो फझचा नाही. कारखान्यात अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, त्याने प्लॅस्टिक वितळवून स्वतःच टोप्या बनवल्या, हलक्या तारा लावल्या, आणि गिटारपुढे ठेवला डॅलस रेंजमास्टर, एकाच जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा ट्रेबल बूस्टर, पुढे लेनी ॲम्प. म्हणजे सगळ्यात काळाकुट्ट वाटणारा तो आवाज ट्रेबल वाढवून आलाय! ॲम्पमध्ये जाण्याआधी खालचा भाग कमी केला की ॲम्प गढूळ न होता फाटतो, आणि जाडपणा ॲम्प आणि स्पीकर स्वतः भरून काढतात. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमवर काही गाण्यांना तारा तीन सेमीटोन खाली उतरवल्यात, वजन तिथून अजून आलं. तसा आवाज हवा असेल तर फझ नका घेऊ, ट्रेबल बूस्टर घ्या आणि ॲम्पला घाम फोडा.

आणि फझच हवा असेल, पहिलाच घेणार असाल, तर माझं मत विचाराल तर सिलिकॉनचा फझ फेस पद्धतीचा साधा दोन नॉबवाला घ्या. त्याच्याबरोबर महिनाभर गिटारचा व्हॉल्यूम नॉब करंगळीने फिरवत वाजवा, दुसरं काही जोडू नका. आणि बॅटरीवर असेल तर वाजवून झाल्यावर इनपुटची केबल आठवणीने काढा, बहुतेक पेडल्सना बॅटरीचा स्विच तोच असतो, नाहीतर सकाळी बॅटरी संपलेली.