चाळीस पावलं

रविवार, दुपार

राखेची पुरचुंडी बांधून झाली. बंबातली राख, दोनदा चाळून घेतलेली, जुन्या धोतराच्या फडक्यात सैलसर बांधलेली. नातीनं विचारलं, "आबा, ही कशाला?" म्हटलं, उद्या रात्री सांगतो.

उद्या पौर्णिमा. वैशाखातल्या या पौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसवतं, रात्रभरात पाण्यावर काय काय आलं ते लिहून घेतं. राधानगरीच्या अभयारण्यात माझं हे नववं वर्ष. पोरीला यंदा अठरा पूर्ण झाली, म्हणून अर्जात पहिल्यांदाच दोघांची नावं घातली. सूचनांचा कागद तिनं मला वाचून दाखवला. भडक कपडे नकोत, अत्तर-पावडर नको, पाण्यावर बॅटरी मारायची नाही. हे सगळं मामांनी मला 1968 साली तोंडी सांगितलं होतं. त्यांची एक अट जास्तीची होती, आदल्या दिवशी कांदा-लसूण बंद. आज घरात तांबडा-पांढरा झाला, आम्ही दोघांनी ताकभात खाल्ला. पोरगी एका शब्दानं कुरकुरली नाही.

रविवार, रात्र

झोप येत नाही. पोरीला जे कधी सांगितलं नाही ते आधी कागदावर उतरवतो.

माझे वडील, आप्पा, शिकारी होते. त्या काळच्या कोल्हापुरात यात लपवण्यासारखं काही नव्हतं. दरबारानं चित्ते पाळले होते. बैलगाडीला काळवीट बिचकत नाही, म्हणून डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीवर बसवून कळपाजवळ न्यायचे आणि ऐनवेळी टोपी काढायचे. आजोबांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. ते सांगायचे तेव्हा आम्ही पोरं श्वास रोखून ऐकायचो. नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आजही उभी आहेत. काचेचे डोळे. मला तिथं फार वेळ थांबवत नाही.

आप्पांचं तसलं काही नव्हतं. घरची शेती, एक बाराबोरी दुनळी आणि 1951 च्या मुंबई राज्याच्या कायद्याखालचा परवाना. आताच्या राधानगरी अभयारण्यातलं दाजीपूरचं रान पूर्वी संस्थानाचं शिकारीचं रान होतं, पण 1958 साली ते अभयारण्य झालं आणि तिथली बंदूक थांबली. म्हणून आप्पा भुदरगडात जायचे. एसटीनं गारगोटी, तिथून बैलगाडी, मग पाटगावच्या वरचे वेदगंगेच्या उगमाकडचे डोंगर पायी. तिथल्या धनगरवाड्यावर मामा राहायचे. नात्यातले नव्हेत, पण मला दुसरा मामा नव्हता.

दुनळीत एलजीचं, म्हणजे मोठ्या छर्र्यांचं, काडतूस घातलं तरी सांबरावर चाळीस पावलांपुढं त्याचा भरवसा धरता येत नाही. छर्रे पसरतात, जोर जातो. रायफलवाल्यानं दोनशे पावलांवरून नेम धरावा, बाराबोरीवाल्यानं जनावराच्या पापण्या दिसतील इतकं जवळ जावं. सगळी विद्या त्या चाळीस पावलांत होती आणि ती मामांकडं होती. आप्पांकडं नुसती बंदूक होती.

मामा अनवाणी चालायचे. पाऊल कडेवर टेकवून मग सावकाश आत दाबायचं, खाली काटकी असली तर मोडायच्या आत कळते. सांबर मान खाली घालून चरतंय तोवर पुढं सरकायचं, कान फिरला की आहे तिथं थांबायचं. एक पाय वर असला तर वरच. "त्याला तू दिसत न्हाईस बाळ, तुझं हलणं दिसतंय," असं म्हणायचे.

माग वाचायला त्यांनी मला दोन हिवाळे लावले. डुकराच्या खुरामागं दोन्ही अंगाला उपखुरांचे ठसे फाकून उमटतात, सांबराच्या मागाला सहसा ते दिसत नाहीत. ठशाची कड बोटाला टोचली तर माग ताजा, कड ढासळली असली तर जुना. खुराच्या खळग्यात कोळ्यानं जाळं धरलं असलं तर जनावर कालच्या रात्री गेलं. सड्यावर, जांभ्या दगडावर ठसा उठतच नाही. तिथं ते गवताकडं बघायचे. ज्या बाजूला पातं लवलंय त्या बाजूला जनावर गेलं, आणि पात्यावरचं दव पुसलं असेल तर आत्ताच गेलं.

आणि वारं. त्यांच्या कमरेला राखेची पुरचुंडी असायची. दर थोड्या वेळानं ती चिमटीत धरून झटकायची, राख जाईल तिकडं आपला वास गेला. "दिवसा वारं डोंगर चढतंय, रात्री उतरतंय," हे त्यांचं पहिलं वाक्य आणि जवळजवळ शेवटचंही. उन्हानं उतार तापला की हवा वर सरकते, रात्री उतार गार पडला की तीच हवा ओढ्याकडं ओघळते. मी हे शाळेच्या पुस्तकात पुष्कळ पुढं वाचलं.

आता जे लिहायचं ते लिहितो.

1971, मार्गशीर्ष. मी सोळा वर्षांचा. आप्पांनी पहिल्यांदा बंदूक माझ्या हातात दिली. वय नव्हतं, परवाना माझा नव्हता. दिली ही त्यांची चूक, घेतली ही माझी. संध्याकाळच्या आधी कारवीच्या कडेला सांबर उभं होतं, मोठा नर, शिंगं पाठीवर टेकलेली. मामांनी हातानं खूण केली, थांब. वारं आमच्या तोंडावर होतं, वेळ होता. अजून थोडं सरकता आलं असतं. पण माझ्या छातीत असं धडधडत होतं की ते सांबराला ऐकू जाईल असं वाटलं. मी चाप ओढला.

सांबर वाकलं आणि कारवीत घुसलं. मामा धावले नाहीत. सांबर उभं होतं तिथं जाऊन खाली बसले. रक्त काळपट होतं, त्यात हिरवट चोथा. त्यांनी ते बोटावर घेऊन हुंगलं. "पोटात लागलंय. आता बसायचं. मागं लागलो तर डोंगरभर पळंल, बसलं तर तिथंच बसंल." फुप्फुसात लागलं तर रक्त लालभडक, फेसाळ येतं आणि जनावर फार लांब जात नाही, हे त्या दिवशी कळलं. पोटातलं लागलेलं जनावर तासन् तास जगतं. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. मग कंदिलाच्या उजेडात थेंबाथेंबानं गेलो आणि शेवटचा थेंब सापडला तिथं मामांनी झाडाला फडकं बांधलं. वाड्यावर परत आलो. भाकरी पुढं आली, मामांनी हात लावला नाही. जखमी जनावर रानात असताना ते जेवत नसत. मग आप्पाही जेवले नाहीत, मीही नाही.

सकाळी फडक्यापासून पुढं माग लागेना. ऊन वर आलं तेव्हा मामांनी आभाळाकडं बोट केलं. गिधाडं. एक, मग चार, मग मोजता येईनात इतकी, ओढ्यावर गोल उतरत होती. आम्ही पोचलो तेव्हा अर्धं सांबर संपलं होतं. तोंड पाण्याच्या कडेला. मामा एवढंच म्हणाले, "पाणी प्यायला आलतं."

(आज तिथलंच काय, जिल्ह्यातलं आभाळ बघितलं तरी गिधाडं तशी उतरताना दिसत नाहीत. गुरांना दुखण्यावर देत त्या डायक्लोफेनॅकनं, मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन, ती संपत गेली. 2006 मध्ये त्या औषधावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. आज तसं सांबर पडलं तर ते कुणी दाखवणारही नाही.)

संध्याकाळी मामांनी विचारलं, "किती पावलं हुतं?"

मी म्हणालो, "चाळीस."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं चूल सारखी करत म्हणाले, "भात्तर. दुपारी जाऊन मोजून आलो."

ओरडले नाहीत, आप्पांनाही सांगितलं नाही. पुढच्या सप्टेंबरात, 1972 साली, वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. आप्पांनी त्याआधीच जाणं सोडलं होतं. दुनळी दर निवडणुकीला ठाण्यात जमा व्हायची आणि परत यायची. ते गेल्यावर मी ती कायमची जमा करून टाकली. ती बंदूक गेल्याचं मला दुःख नाही. मामा गेले तेव्हा मात्र त्यांच्याबरोबर काय गेलं, ते भोवतालच्या कुणालाच कळलं नाही. माग काढणं शिकारीशी बांधलेलं होतं, शिकार गेली तशी ती विद्याही गेली. असं व्हायला नको होतं. वनरक्षकाला ती आज बंदुकीपेक्षा जास्त उपयोगाची आहे. क्लचच्या तारेचे फासे लावणारे, रात्री जीपवरून झोत टाकून मारणारे, यांना माग वाचावा लागत नाही. त्यांना जनावर कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं. चार वर्षांपूर्वी मला असा एक फासा मिळाला. तारेत भेकराच्या पायाचे केस अडकलेले होते. रागानं हात थरथरत होते. तार सोडवायला मला बराच वेळ लागला.

स्कॉटलंडात आजही दरवर्षी हरणं मारावी लागतात, कारण तिथला लांडगा माणसानं कधीच संपवला. आपल्याकडं बिबट्या आहे, कोळसुंदं म्हणजे रानकुत्री आहेत. चांदोली-कोयनेचा व्याघ्र प्रकल्प 2010 मध्ये झाला, तिकडून दक्षिणेला वाघाची वाट इथूनच जाते. ते काम करणारे आहेत. आपण बाजूला बसावं आणि बघायला शिकावं.

सोमवार

सकाळी निघालो. वाटेत पोरीनं विचारलं, कांबळवाडी कुठं लागते. स्वप्नील कुसाळेचं गाव, राधानगरी तालुक्यातलंच. 2024 ला पॅरिसमध्ये त्याला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळालं, त्या दुपारी ती टीव्हीपुढून उठली नव्हती. ती स्वतः 10 मीटर एअर रायफल मारते. साठ शॉट, आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. रेंजवर मी तिला बघतो तेव्हा मला मामा दिसतात. तोच थांबलेला श्वास, तेच न हलणं. जे मला सोळाव्या वर्षी जमलं नाही ते हिला चौदाव्या वर्षीच जमलं. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली तेव्हा ही तीन वर्षांची होती.

गाडीतच तिला सांबराची गोष्ट सांगितली, बहात्तर पावलांसकट. ती बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग नेमबाजाचाच प्रश्न विचारला, "चाप झटक्यानं ओढलात की सावकाश दाबलात?"

"ओढला."

"हं," एवढंच म्हणाली.

मंगळवार, सकाळी, ठक्याच्या वाड्याजवळ

बसल्या बसल्या लिहितोय, हात अजून गार आहेत.

मचाण ओढ्याच्या उताराला, पाणी आमच्या वरच्या अंगाला. बरोबर एक वनरक्षक, तरुण, कमी बोलणारा. साडेआठला गवे आले, अकरा, पाण्यात उभं राहून फुरफुरले आणि तासाभरानं गेले. मग काहीच नाही. चांदणं, रातवा, मधूनच पालापाचोळ्यात खसखस. पोरगी सहा तास जागची हलली नाही.

मध्यरात्री तिच्या हातात पुरचुंडी दिली. तिनं झटकली. राख पाण्याकडून आमच्याकडं आली आणि मागं उताराला ओघळली. मामांची रात्र. मी काही बोललो नाही, तिनंच कानाशी तोंड आणून विचारलं, "म्हणजे वरून आलं तर त्याला आपला वास नाही?" मी मान हलवली.

दोन चाळीसला वरूनच आलं. आधी वास, ओल्या जनावराचा उग्र वास. मग सांबराची मादी, पाठोपाठ पिल्लू. मादी पाण्यापाशी आली आणि पाणी न पिता उभी राहिली. किती वेळ कोण जाणे. एक कान पुढं, एक मागं. मग मान खाली. पिण्याचा आवाज इतक्या लांब स्पष्ट येत होता. पोरगी श्वास घेत होती की नाही मला कळेना. पिल्लानं पुढचा पाय पाण्यात घातला आणि लगेच काढला.

उजाडल्यावर ऊन वरच्या सड्यावर पडलं. साडेसहाला एकटा नर कारवीतून निघाला, शिंगं पडून नवी फुटत होती, मखमलीत, मुठीएवढी. पाण्याच्या निम्म्यापर्यंत आला असेल, तोच पोरीनं पुरचुंडी झटकली आणि पुटपुटली, "आबा, वारं फिरलं." राख वर निघाली होती. तेवढ्यात नरानं पुढचा खूर आपटला, एकदा, दोनदा, आणि 'पोंक' असा आवाज रानभर झाला. शेपटी वर करून तो गेला.

खाली उतरलो. वनरक्षकानं कागद काढला, वेळ, जात, नर-मादी, अंतर. अंतर अदमासानं लिहायचं असतं. पोरगी पाण्याजवळ गेली, मादीचा ठसा शोधला, कडेवर बोट फिरवून बघितलं आणि तिथून मचाणाच्या बुंध्यापर्यंत मोजत आली.

"एकेचाळीस. चाळीसच सांगू का त्यांना?"

"नको. एकेचाळीस लिही."