सिव्हिल नको

"मामा, काहीही मिळू दे, फक्त सिव्हिल नको." सांगलीत विश्रामबागला वालचंद कॉलेज बघून बाहेर पडताना भाचा बोलला आणि ते दिवसभर डोक्यातून जाईना.

अरे, १९४७ ला धोंडूमामा साठेंनी हे काढलं तेव्हा नाव होतं न्यू इंजिनिअरिंग कॉलेज आणि शिकवायचे ते सिव्हिलच, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आलं ते १९५५ ला, वालचंद नाव पण तेव्हाच लागलं.

तिथेच दोन पोरं ट्रायपॉड रोवून लेव्हल, म्हणजे जमिनीच्या चढउताराचं माप, घेत होती, एकजण पट्टी धरून उन्हात हलायचा पण नाही, मला तर बघतच राहावंसं वाटलं. भाचा मोबाईलमध्ये कॉम्प्युटरचा कटऑफ शोधत होता.

रस्ते, पूल, धरणं लागणारच आहेत ना रे? मग नको का म्हणतात पोरं?